अंगठ्यापासून टीव्हीपर्यंत

घरात सगळ्यात जास्त शिव्या खाणारी वस्तू कोणती, याचा सर्व्हे घेतला तर रिमोटचा नंबर पहिल्या तिनात नक्की येईल. तो नेमका हवा तेव्हा सोफ्याच्या फटीत जातो. चालेनासा झाला की आपण त्याच्या पाठीत दोन चापट्या मारतो, सेल काढून गोल फिरवून पुन्हा बसवतो, आणि गंमत म्हणजे बऱ्याच वेळा तो चालूही होतो! (यात जादू काही नाही. सेलच्या टोकावर आणि स्प्रिंगवर साचलेला पातळ थर घासला जातो, आणि साध्या सेलला थोडी विश्रांती मिळाली की तोही जरा सावरतो.)

पण बटण दाबल्यावर त्या काळ्या डबीतून नक्की बाहेर पडतं काय? 'सिग्नल' असं उत्तर देऊन व्हायवा सुटत नाही, हे आपल्याला अनुभवाने माहीत आहे. कसला सिग्नल? ४ दाबलाय, ५ नाही, हे टीव्हीला कुणी सांगितलं? टीव्हीचा रिमोट दाबला तर एसी का चालू होत नाही? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, खोलीत भर दुपारचं ऊन आहे, ट्यूब जळतेय, त्या सगळ्या उजेडात या एवढ्याशा एलईडीचं म्हणणं टीव्हीला ऐकू येतं कसं?

आधी एक सोपा प्रयोग करा. मोबाईलचा कॅमेरा चालू करून रिमोटच्या तोंडासमोर धरा आणि कुठलंही बटण दाबा. डोळ्यांना काही दिसणार नाही, पण स्क्रीनवर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकताना दिसेल. (मागच्या कॅमेऱ्याने नाही दिसला तर सेल्फीच्या कॅमेऱ्याने बघा. मागच्या कॅमेऱ्यात अवरक्त किरण अडवणारी काच बहुधा जास्त कडक असते.) हा प्रकाश साधारण ९४० नॅनोमीटरचा. आपला डोळा ७००च्या थोडा पुढे गेला की हात टेकतो, पण सिलिकॉनच्या फोटोडायोडला मात्र याच भागात सगळ्यात चांगलं दिसतं. शिवाय हवेतली वाफ नेमका याच्या आसपासचा सूर्यप्रकाश थोडा शोषून घेते, म्हणजे या पट्ट्यात ऊन जरा कमी त्रास देतं. जरा कमी, एवढंच. ऊन ते ऊनच.

उन्हाचा हा त्रास रिमोटच्या इतिहासात फार आधी आलेला आहे. अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीने १९५० साली 'लेझी बोन्स' नावाचा रिमोट काढला, त्याला टीव्हीपर्यंत लांबलचक वायर होती. लोक त्या वायरीत पाय अडकून पडायचे. मग १९५५ साली त्याच कंपनीच्या यूजीन पॉली या इंजिनिअरने 'फ्लॅश-मॅटिक' केला. हा म्हणजे चक्क टॉर्च! टीव्हीच्या चार कोपऱ्यांत चार फोटोसेल, आणि ज्या कोपऱ्यावर टॉर्च माराल ते काम होणार. कल्पना झकास, पण फोटोसेलला टॉर्च आणि सूर्य यांतला फरक कळत नव्हता. उन्हाची तिरीप कोपऱ्यावर पडली की चॅनेल आपोआप फिरायला लागायचे. पुढच्याच वर्षी रॉबर्ट ॲडलर यांनी प्रकाशाचा नाद सोडून 'स्पेस कमांड' आणला. त्यात बटण दाबलं की एक छोटी हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर आपटायची आणि कानाला न ऐकू येणारा आवाज निघायचा. सेलसुद्धा लागत नव्हता. पण किल्ल्यांचा जुडगा वाजला तरी कधी कधी टीव्ही ऐकायचा.

म्हणजे अडचण सिग्नल पाठवण्याची कधीच नव्हती. 'हा सिग्नल आहे, गोंगाट नाही' हे समोरच्याला पटवून देणं ही खरी अडचण. अवरक्त रिमोट १९७०च्या दशकाअखेर आणि ८०च्या दशकात सगळीकडे पसरला तो या प्रश्नाला बरं उत्तर सापडल्यामुळे. ते उत्तर म्हणजे नुसता दिवा लावायचा नाही, तो एका ठरलेल्या वेगाने फडफडवायचा.

ऊन स्थिर असतं. साधा पिवळा बल्ब आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. रिमोटचा एलईडी 'चालू' असतो तेव्हा खरं म्हणजे तो सेकंदाला साधारण ३८,००० वेळा चालू-बंद होत असतो. हाच आपला कॅरिअर, ३८ किलोहर्ट्झ. टीव्हीतल्या रिसीव्हरमध्ये फोटोडायोडच्या मागे एक बँडपास फिल्टर बसवलेला असतो. तो फक्त ३८च्या आसपास फडफडणाऱ्या प्रकाशाला आत घेतो. ऊन म्हणजे डीसी, ते दाराबाहेर. बल्बचे १०० हर्ट्झ, तेही बाहेर. कम्युनिकेशनच्या पुस्तकात कॅरिअर हे अँटेनाच्या लांबीसाठी लागतं असं आपण पाठ केलेलं असतं, इथे ते निव्वळ ओळख पटण्यासाठी आहे. गर्दीत आईने मारलेली हाक पोराला बरोबर ऐकू येते तसं.

आता ३८च का? ४० का नाही, ३५ का नाही? याचं उत्तर मला फार आवडलं, कारण ते कुठल्याही थिअरीत बसत नाही. रिमोटच्या चिपला घड्याळ म्हणून स्वस्तातला सिरॅमिक रेझोनेटर लागतो. ४५५ किलोहर्ट्झचा रेझोनेटर ढिगाने मिळायचा, कारण मीडियम वेव्ह रेडिओच्या आयएफसाठी तीच फ्रिक्वेन्सी वापरतात. ४५५ला १२ने भागा. ३७.९ येतात. झाले ३८! म्हणजे आज आपल्या एलईडी टीव्हीच्या रिमोटमध्ये जुन्या रेडिओचा हिशोब बसलेला आहे. फिलिप्सच्या रिमोटला ३६ लागतात, सोनीच्या रिमोटला ४०, पण बहुतेक रिसीव्हर थोडं इकडेतिकडे चालवून घेतात, फक्त अंतर कमी होतं.

रिसीव्हर म्हणजे आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा तीन पायांचा टीएसओपी. १७३८ हा त्याचा जुना नंबर इतका रुळलाय की तो बनायचा बंद झाला तरी दुकानात अजून 'सतरा अडतीस द्या' असंच मागतात आणि दुकानदार त्याच्या जागी चालणारा दुसरा नंबर काढून देतो. त्या एवढ्याशा डबीत फोटोडायोड, ॲम्प्लिफायर, एजीसी, बँडपास फिल्टर आणि डिमॉड्युलेटर सगळं आहे. वरचं काळं प्लॅस्टिक शोभेचं नाही, ते दिसणारा प्रकाश अडवतं. ३८ किलोहर्ट्झची फडफड दिसली की आउटपुट शून्यावर, नाही दिसली की एकवर. हो, उलटं! पहिल्यांदा स्क्रोपवर बघताना इथे गोंधळ होतोच, तेव्हा लक्षात ठेवा.

यातला एजीसी मात्र जरा संशयी स्वभावाचा आहे. फार वेळ सलग फडफड दिसत राहिली तर त्याला वाटतं हा गोंगाटच असणार, आणि तो कान बंद करत जातो. इलेक्ट्रॉनिक चोक असलेली ट्यूब किंवा सीएफएल दहा-वीस किलोहर्ट्झच्या वर फडफडते, कधी थेट ३८च्या शेजारी. एजीसी नसता तर त्या दिव्याखाली टीव्हीने सतत बडबड ऐकली असती. पण यामुळे रिमोटवरही बंधन आलं की सलग बोलायचं नाही, थोडं बोलायचं, थोडं थांबायचं.

आता मुख्य मुद्दा. समजा रिमोटला एक आठ बिटांचा आकडा पाठवायचाय. आपल्याला सुचणारा पहिला मार्ग म्हणजे एकसाठी दिवा चालू, शून्यासाठी बंद. पण मग ओळीने सहा शून्यं आली तर? टीव्हीला नुसता अंधार दिसणार. सहा शून्यं होती की सात, की मध्ये कुणी आडवं गेलं? दोघांची घड्याळं काही एका वायरीने जोडलेली नाहीत. म्हणून बहुतेक रिमोट आकडा प्रकाशात लिहीत नाहीत, वेळेत लिहितात. सगळ्यात जास्त आढळणारी एनईसी पद्धत बघू.

यात प्रत्येक बिटाची सुरुवात एका छोट्या झोताने होते. झोत कायम ५६२.५ मायक्रोसेकंदांचाच, म्हणजे साधारण २१ फडफडी. फरक आहे तो नंतरच्या अंधारात. अंधारही तेवढाच असेल तर ते शून्य, तिप्पट असेल तर एक. म्हणजे शून्याला एकूण १.१२५ मिलिसेकंद लागतात आणि एकला २.२५. टीव्हीने फक्त एका झोताच्या सुरुवातीपासून दुसऱ्या झोताच्या सुरुवातीपर्यंतचा वेळ मोजायचा. रिमोटचं घड्याळ चार-पाच टक्के मागेपुढे असलं तरी बिघडत नाही, कारण एक आणि शून्य यांत दुपटीचा फरक आहे. तबल्यात जसं बोलाइतकंच दोन बोलांमधल्या जागेला महत्त्व, तसं इथे माहिती अंधारात आहे.

संपूर्ण फ्रेम अशी असते. सुरुवातीला ९ मिलिसेकंदांचा लांब झोत आणि ४.५ मिलिसेकंदांची शांतता. ही म्हणजे 'ऐका हो ऐका'ची दवंडी. या वेळात रिसीव्हरचा एजीसी स्थिरावतो आणि टीव्हीला कळतं की आता मजकूर येणार. मग आठ बिटांचा ॲड्रेस (कुठल्या यंत्रासाठी), मग त्याच ॲड्रेसची उलटी प्रत, मग आठ बिटांची कमांड, मग तिचीही उलटी प्रत, आणि शेवटी बिट संपला हे कळावं म्हणून एक झोत. सगळे बिट धाकट्यापासून सुरू होतात.

उदाहरण घेऊ. आर्डुइनोच्या किटमध्ये २१ बटणांचा जो पातळ काळा रिमोट येतो, त्याचा ॲड्रेस ० आहे. त्यावर ४ दाबलं की जाते कमांड ८. हो, ४ दाबलं की ८! बटणावर काय छापलंय त्याच्याशी चिपला कर्तव्य नाही. रबराच्या पॅडखाली काळा कार्बनचा ठिपका असतो, तो पीसीबीवरच्या कुठल्या आडव्या आणि कुठल्या उभ्या रेषेला जोडतो एवढंच तिला कळतं. उरलेला वेळ ती झोपलेली असते. तर ८ म्हणजे ००००१०००, धाकट्यापासून लिहिलं तर ०००१००००. बाहेर पडतं ते असं:

०००००००० ११११११११ ०००१०००० १११०११११

उलटी प्रत कशाला, तर तपासणीसाठी. दोन्ही जुळले नाहीत तर टीव्ही गप्प बसतो, चुकीचं काही करत नाही. पण तिचा एक छुपा फायदा आहे. कुठलंही बटण दाबा, ३२ बिटांत १६ शून्यं आणि १६ एक असणारच. म्हणजे १६ गुणिले १.१२५ अधिक १६ गुणिले २.२५, झाले ५४. त्यात सुरुवातीचे १३.५ मिळवा, ६७.५ मिलिसेकंद. प्रत्येक बटणाची फ्रेम तेवढ्याच लांबीची! (नंतर बटणं आणि कंपन्या वाढल्या तशी ॲड्रेसची उलटी प्रत सोडून तिथे १६ बिटांचा ॲड्रेस आला, आणि हे सुंदर गणित मोडलं. गर्दी झाली की नियम वाकतात.)

आता जरा सेलचा हिशोब करा. या फ्रेममध्ये झोताचा एकूण वेळ ९ अधिक ३३ गुणिले ०.५६२५, म्हणजे साधारण २७.६ मिलिसेकंद. फडफडीत एलईडी दर वेळी फक्त एक तृतीयांश वेळ पेटलेला असतो असं धरू, म्हणजे ९.२ मिलिसेकंद. करंट १०० मिलिॲम्पिअर धरला तर एका बटणाला ०.०००९२ कूलंब लागले. पेन्सिल सेलचे ५०० मिलिॲम्पिअर-तास म्हणजे १८०० कूलंब. भागाकार करा, साडेएकोणीस लाख वेळा बटण दाबता येईल! रोज शंभर वेळा दाबलं तरी पन्नास वर्षांच्या वर. हे अर्थात कागदावर. प्रत्यक्षात सेल आधी म्हातारा होतो, नाहीतर गळतो आणि स्प्रिंग खातो. पण रिमोट इतका काटकसरी का, याचा अंदाज येतो. १०० मिलिॲम्पिअरचा दणका द्यायचा, पण इतका थोडा वेळ की सेलला कळूसुद्धा नये.

दुसऱ्या पद्धती भराभर बघून घेऊ. सोनीच्या पद्धतीत उलट कारभार, अंधार ठरलेला आणि झोताची लांबी बदलते. ०.६ मिलिसेकंद म्हणजे शून्य, १.२ म्हणजे एक. फ्रेम छोटी, १२ बिटांची, तपासणी नाही, त्याऐवजी एक गोष्ट निदान तीन वेळा सांगायची. फिलिप्सची आरसी-५ म्हणजे आपलं मँचेस्टर कोडिंग. प्रत्येक बिटाच्या मध्यावर बदल हवाच, आणि तो कोणत्या दिशेने झाला त्यावर एक की शून्य. १४ बिट: दोन सुरुवातीचे, पाच ॲड्रेसचे, सहा कमांडचे. राहिला एक. तो मी मुद्दाम मागे ठेवलाय, त्याला टॉगल बिट म्हणतात.

बटण दाबून धरणं आणि पुन्हा पुन्हा दाबणं यांत फरक आहे ना? आवाज वाढवताना आपण दाबून धरतो आणि तो चढत जावा असं वाटतं. पण ४ दाबताना बोट अर्धा सेकंद जास्त राहिलं म्हणून ४४४ व्हायला नको. टीव्हीला हे कसं कळावं? आरसी-५मध्ये दर नवीन दाबाला टॉगल बिट बदलतो, आणि धरून ठेवलं तर तसाच राहतो. एनईसीत वेगळी युक्ती आहे. पूर्ण फ्रेम एकदाच जाते. बटण धरलेलंच असेल तर दर १०८ मिलिसेकंदांनी एक छोटी खूण जाते: ९ मिलिसेकंदांचा झोत, २.२५ची शांतता, एक टिंब. अर्थ काय, तर 'मघाचंच चालू आहे'. पूर्ण फ्रेमच्या साधारण एक तृतीयांश वीज लागते. टीव्ही मग ठरवतो की आवाजासाठी ही खूण मानायची, आकड्यांसाठी सोडून द्यायची.

यात एक गृहीतक दडलंय. अंगठा एकदा बटणावर ठेवला की तो मुद्दाम उचलेपर्यंत तिथेच असतो.

माझ्या आजोबांना कंपवात आहे. उजव्या हाताला थरथर. त्यांना सेट-टॉप बॉक्सवर तीन आकडी चॅनेल लावायचा म्हणजे युद्धच. ४ दाबला की ४४ उमटतं, मग सगळंच बिनसतं. बंद करायला गेले तर बंद होऊन पुन्हा चालू. सुरुवातीला ते आम्हाला हाक मारायचे. मग हाक मारणं कमी झालं. नंतर नंतर कुणी लावून ठेवलेलं जे काय असेल ते, अगदी कार्टूनसुद्धा, बघत बसायचे. मी विचारलं तर म्हणाले, "असू दे गं, तुम्हाला तरी किती वेळा उठवायचं?"

मला तोवर वाटत होतं की रिमोटची बटणं लहान आहेत, मोठ्या बटणांचा रिमोट आणला की झालं. पण सबमिशनसाठी टीएसओपी आणि आर्डुइनो घरी होतेच, म्हणून एका संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसले आणि ते ४ दाबताना काय बाहेर पडतं ते लॅपटॉपवर उतरवून घेतलं. रिमोट एनईसी घराण्यातलाच निघाला. एका दाबात स्क्रीनवर आलं: पूर्ण फ्रेम, पूर्ण फ्रेम, एक 'मघाचंच' खूण, पुन्हा पूर्ण फ्रेम. ते बटण चुकत नव्हतेच. अंगठा बरोबर ४वरच होता. अशा थरथरीचा वेग सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा असतो, म्हणजे एका हेलकाव्याला १७० ते २५० मिलिसेकंद. निम्मा वेळ बटण दाबलेलं, निम्मा वेळ सुटलेलं. चिपच्या दृष्टीने प्रत्येक हेलकावा म्हणजे बोट उचलून पुन्हा दाबणं, आणि ती इमानदारीत प्रत्येक वेळी नवीन फ्रेम पाठवत होती. उलटी प्रत जुळत होती, ॲड्रेस बरोबर होता. सूर्य, ट्यूब, अशक्त सेल या सगळ्यांचा विचार त्या फ्रेममध्ये केलेला आहे. थरथरणाऱ्या अंगठ्याचा नाही.

म्हणजे मोठ्या बटणांनी काम भागलं नसतं, तिथेही ४चे ४४ झालेच असते. इलाज वेळेतच करायला हवा होता.

आम्ही तिघांनी मिळून मग मिनी प्रोजेक्ट म्हणून एक पेटी केली. स्विचबोर्डची प्लॅस्टिकची पेटी, आणि त्यावर दारावरच्या बेलची सहा बटणं. ही बटणं मोठी असतात, दाबल्याचं बोटाला कळतं आणि कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात. बाकी माल पुण्यात तपकीर गल्लीतून. मुंबईवाल्यांना लॅमिंग्टन रोड आहेच. आत एटीमेगा ३२८, दोन एलईडी, त्यांना करंट द्यायला एक ट्रान्झिस्टर. प्रोग्रामसाठी केन शिरिफ यांनी २००९ साली लिहिलेली आणि नंतर अनेकांनी वाढवलेली आयआररिमोट लायब्ररी वापरली, त्यामुळे ३८ किलोहर्ट्झची फडफड स्वतः लिहावी लागली नाही.

खरं काम चार ओळींचं आहे. बटणाचा पहिला स्पर्श झाला की लगेच फ्रेम पाठवायची, आणि मग दोन सेकंद त्या बटणाकडे ढुंकूनही बघायचं नाही. आपण लॅबमध्ये डिबाउन्सिंग शिकतो ते २० मिलिसेकंदांचं, स्विचच्या पत्र्याच्या उड्यांसाठी. हे तेच, फक्त शंभरपट मोठं, आणि उडी पत्र्याची नाही, हाताची. चॅनेलचे तीन आकडे पेटी स्वतः एकामागून एक, मध्ये ३०० मिलिसेकंद थांबून पाठवते. एक बटण बातम्यांचं, एक कीर्तनाचं, एक क्रिकेटचं, दोन आवाजाची. आवाजाच्या बटणाला दोन सेकंद फार वाटायला लागली, म्हणून तिथे अर्धा सेकंद आणि एका दाबाला दोन पायऱ्या. चालू-बंदच्या बटणाला मात्र पाच सेकंदांची कुलूपबंदी, कारण तिथे दुसरा दाब पहिल्याचं काम उलटवतो.

एलईडी दोन का? कारण आजोबांनी पेटी उचलून टीव्हीकडे रोखावी ही अपेक्षाच नको होती. एक एलईडी सरळ, एक तिरका छताकडे. अवरक्त प्रकाश पांढऱ्या भिंतीवरून, छतावरून छान परततो. विश्वास नसेल तर टीव्हीकडे पाठ करून समोरच्या भिंतीवर रिमोट मारून बघा. भिंतीच्या पलीकडे मात्र जात नाही, आणि हे बरंच आहे, नाहीतर शेजारच्यांच्या आणि आपल्या टीव्हीत रोज महाभारत झालं असतं.

कारण या सगळ्या पद्धतींत गुपित असं काही नाही. कुठलाही रिमोट कुणालाही ऐकता येतो आणि जसाच्या तसा म्हणून दाखवता येतो. २००४ साली अमेरिकेत मिच ऑल्टमन यांनी 'टीव्ही-बी-गॉन' नावाचं किल्लीच्या गोफाएवढं यंत्र काढलं, ते नुसतं वेगवेगळ्या कंपन्यांचे 'बंद' कोड ओळीने म्हणत सुटतं. हॉटेलातला टीव्ही बंद! (हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये मॅचच्या दिवशी हा प्रयोग करू नये. जिवाची जबाबदारी संपादक मंडळ घेणार नाही.) नवीन स्मार्ट टीव्हींचे बरेच रिमोट आता ब्लूटूथवर बोलतात. ते जोडी जमवल्याशिवाय ऐकत नाहीत आणि रोखावेही लागत नाहीत. पण सेट-टॉप बॉक्स, एसी, पंखे यांच्यात आपला अवरक्त एलईडीच टिकून आहे, कारण तो स्वस्त आहे.

पेटी आता सहा महिने चालली आहे. आजोबांची तक्रार एकच, कीर्तनाचं बटण क्रिकेटच्या फार जवळ आहे. शेजारच्या काकूंनी ती बघून त्यांच्या सासूबाईंसाठी एसीची पेटी मागितली. त्यांनाही हाताचाच त्रास. मला वाटलं होतं हे जास्त अवघड जाईल, कारण एसीची फ्रेम बरीच लांब असते, कित्येकदा शंभराहून जास्त बिट. टीव्हीचा रिमोट 'आवाज एक पायरी वाढव' एवढंच सांगतो. एसीचा रिमोट दर वेळी सगळं पुन्हा सांगतो: चालू, कूलिंग, २४ डिग्री, पंखा मध्यम, झडप वर-खाली, टायमर नाही. एसी उलट काहीच बोलत नाही. रिमोटच्या काचेवरचे २४ हे रिमोटच्याच डोक्यातले असतात. म्हणून तर मध्ये कुणी आडवं गेलं की रिमोट २२ दाखवतो आणि एसी २६वर बसलेला असतो.

पण पेटीसाठी हेच सोयीचं निघालं. 'चालू, २४' अशी एक अख्खी फ्रेम मूळ रिमोटकडून उतरवून एका बटणात ठेवली, 'बंद'ची दुसऱ्या बटणात. शेवटचे तपासणीचे बिट कसे काढलेत ते शोधायचीही गरज नाही, कारण आपण काही बदलतच नाही, नुसतं पुन्हा म्हणतोय. आणि इथे दोन सेकंदांची कुलूपबंदी टाकायचीही गरज पडली नाही. आजींचा हात कितीही थरथरला आणि 'चालू, २४' चार वेळा गेलं, तरी एसी २४वरच राहतो.